जबड्यातले चार खिळे

बडनेरा, मंगळवार

शांते, आज लिहायला उशीर झाला, रागावू नको. तू गेल्यापासून रोज तुलाच लिहितो. सकाळी शेजारच्या नामदेवची राख सावडली. हाडांचं पीठ झालेलं, आणि त्यात चार स्क्रू, नवे कोरे. अकोल्याच्या डॉक्टरने कवळीसाठी जबड्यात बसवलेले. त्याची बहीण ओरडली, "माह्या भावाले खिळे कोनं ठोकले वं माय? भूत बांधाले ठोकतात असे!"

माझ्याही जबड्यात तेच चार. जीभ सारखी तिकडेच जाते. डॉक्टर म्हणाले होते, "हाडात रुजले, आता हलणार नाहीत." तेव्हा बरं वाटलं होतं.

पोरीला फोन करून खिळ्यांचं सांगितलं. हसली. "बाबा, काईच्या काई बोलून राहिले तुमी! सोमवारी कवळी बसली का फुटाणे खासान."

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. घाटावरून मी सगळ्यांच्या आधी परतलो. नामदेव एकटाच राहायचा; त्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं, आणि आत कोणीतरी फुटाणे चावत होतं. सावकाश. मी तिथेच उभा. माझी जीभ पुन्हा त्या चार खिळ्यांवर.

तू न्यायला येशील आणि मी इथेच खिळलेला राहीन का? काढून टाकू का गं? सोमवारच्या आत स्वप्नात येऊन सांग.