ओढ्याच्या तोंडचा कातळ

५ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. आ.

काम आहे म्हणून लिहितोय, उगाच गहिवरू नकोस. आपल्या ओढ्याच्या खालच्या तोंडाशी आडवा पडलेला काळा कातळ तुझ्या वाटणीत येतो. त्याच्यामुळे पुराचं पाणी माझ्या शेतात तुंबून राहतं. बाबांनी तुला वरचा कोरडा टप्पा दिला आणि माझ्या गळ्यात चिखल मारला. कातळाला सुरुंग लावायचाय, संमतीची सही पाठव.

आई ओढ्याकडच्या खोलीत असते. खिडकीतून शेजारणीशी भांडण्याइतकी ठणठणीत आहे.

लोभ उरला असेल तेवढा पुरे.
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सही मिळणार नाही. जन्मभर दगडांचाच अभ्यास केला, तेव्हा एकदा तरी ऐक.

तो कातळ म्हणजे डोंगरातून वाहत आलेला लाव्हा. त्याने ओढा अडवला, मागे गाळ साचला आणि त्याची सपाटी झाली. पुढे ओढ्याने कातळ थोडा कापला आणि ओढाच खाली उतरला. जुनी सपाटी वर राहिली, तोच माझा टप्पा. खाली नवी सपाटी झाली, ते तुझं शेत. उरलेल्या कातळाने ते धरून ठेवलंय. तो फोडलास की ओढा तिथून तळ खणत खणत घरापर्यंत येईल. काठ ढासळला की पहिली आईची खोली जाईल!

मी जळते म्हणशील. खुशाल म्हण.

आईला मनापासून नमस्कार, तुला रीतीपुरता.
चिमी

२ जुलै

चि. चिमीस,
अ. आ.

तुझ्या सहीवाचून काही अडलं नाही. कातळ उडवला. परवाचा पूर दुपारपर्यंत पार! सुरुंगवाला तर स्वतःच्याच कामावर खूश होता. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला पहिल्यापासून काळजीची खोडच आहे.

आता तरी शहाणपणा शिकवणं थांबव, म्हणजे लोभ राहील.
दादा

१९ ऑगस्ट

चिमे,

काठ रोज ढासळतोय. विहिरीने तळ गाठला. काल आईच्या खोलीची मागची भिंत ओढ्यात गेली. ती स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली गं. वरच्या टप्प्यावरच्या तुझ्या बंद घराचं कुलूप तोडून तिला तिथे ठेवलंय, विचारायला वेळ नव्हता.

ओढा थांबवायचा कसा? हव्या तेवढ्या शिव्या दे, पण लिही.
दादा

२३ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आता तो तुझ्यामाझ्याने थांबत नाही. खाली पक्का कातळ लागेपर्यंत खणत राहणार. घर रिकामं कर, आजच.

हट्टापायी तू आईचा जीव धोक्यात घातलास. याची माफी माझ्याकडे नाही, मागूही नकोस. कुलूप तोडलंस तेवढी एकच अक्कल दाखवलीस.

शनिवारी मी येतेय. वहिनीला घेऊन तूही वर राहायला ये. ओसरीला लागून असलेली खोली तुमची. आईला बरं वाटावं म्हणून जेवायला एकाच पंगतीला बसू. माझ्याशी मात्र बोलू नकोस.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
चिमी