नऊ नंबर परक्या रांगेत

शनिवार, दिवेलागण. हौगांग, सिंगापूर.

आज रग्बी लीगचा सामना आपण जिंकलो, पण घास काही गोड लागला नाही. आमच्या नऊ नंबरच्या डोक्याला मार बसला. उठला, आणि थेट समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला! समालोचक हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं?

डॉक्टरांनी आत नेलं, तपासलं, पास करून परत खेळायला सोडलं. नियमात बसतं म्हणे. समोरच्याच्या मानेला नुसता हात लागला, तरी हे लीगचं मंडळ हात लावणाऱ्याला मैदानाबाहेर काढतं. मग ज्याला स्वतःची रांग कळेना, त्याला कोण थांबवणार? मी टीव्हीपुढे उभा राहून ओरडत होतो, "अरे, बस की बाबा आता!"

नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, ही कॅनॉट हिअर यू ला!" म्हणजे, त्याला तुमचं ऐकू जात नाही हो.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीठ-मोहरी ओवाळू का तुमच्या टीव्हीवरून?"

पुढच्या आठवड्यातही तो खेळणारच, असं प्रशिक्षक छातीठोक सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढून ती रांग हलत नाही. परक्यांच्या खांद्याला खांदा लावून किती निर्धास्त उभं होतं ते पोर.

हिने खरंच मीठ-मोहरी आणली असती, तर मी नको म्हणालो नसतो.