तपासणाऱ्याची सही

१२ ऑगस्ट २००६, जर्सी सिटी

सिद्धेशने आज कपाटामागून ह्यांचं ड्रॉइंग काढलं. "आई, बाबांची बोट फ्रेम करून घेऊ. टेक्सासला, अर्विंगच्या नव्या घरात हॉलमध्ये लावू."

मी ओरडलेच — नाही! अजून तपासलं नाही कुणी! पोराने बिचाऱ्याने ते टेबलावर ठेवून दिलं.

१३ ऑगस्ट

इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार? हे बत्तीस वर्षं माझगावच्या गोदीत, ड्रॉइंग ऑफिसात. तिथला नियम — ज्याने काढलं त्याने स्वतःचं तपासायचं नाही. कोपऱ्यात दुसऱ्याची सही नसेल तर कागद बाहेर जात नसे.

रिटायर होऊन इथे मुलाकडे आल्यावर लायब्ररीतल्या पुस्तकात ह्यांना एक जुनं जहाज सापडलं, स्टीव्हन्स बॅटरी नावाचं. शेजारच्या होबोकेनलाच १८५४ मध्ये बांधायला घेतलेलं. लोखंडी कवचाचं, लढाईचं, चारशे वीस फूट लांब! बांधणारे दोघे स्टीव्हन्स भाऊ; एक गेला, मग दुसरा गेला, पण जहाज काही पाण्याला लागलं नाही. शेवटी भंगारात. झालं, ह्यांनी ते कागदावर पुरं करायला घेतलं! अख्खा हिवाळा जेवणाचं टेबल अडवलेलं. आम्ही आपले मांडीवर ताटं घेऊन जेवतोय.

फेब्रुवारीत म्हणाले, "शोभना, तपास आणि सही कर." मी हसले. मला काय कळतं त्यातलं? "तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यास की!" भाकरी करपतेय म्हणत मी उठले. मार्चमध्ये हे गेले.

भाकरी करपत नव्हतीच.

१५ ऑगस्ट

लाल पेन्सिल आणली. ह्यांची टिपणवही शेजारी घेऊन एकेक माप ताडून बघतेय. कोपऱ्यातली सहीची रिकामी जागा मात्र बघवत नाही. तिच्यावर ह्यांच्या चष्म्याची डबी ठेवून बसते. कागदही गुंडाळत नाही.

१८ ऑगस्ट

एकही चूक नाही! असं कसं? हेच सांगायचे — "साहेब खरंच बघतात की नुसती सही ठोकतात, ते कळायला एखादी चूक मुद्दाम ठेवायचो." म्हणजे माझ्यासाठीही ठेवलीच असणार. खोड जाते थोडीच!

२२ ऑगस्ट

रुचा म्हणते, "आई, डोळ्यांना स्ट्रेन होतोय तुमच्या. करून टाका ना सही!" सूनबाई, अशीच ठोकायची असती तर फेब्रुवारीतच ठोकली असती. (हे मनात.)

२५ ऑगस्ट

उद्या मूव्हर्स येणार. टेबल आधीच विकलं गेलं. ड्रॉइंग जमिनीवर पसरून, गुडघे दुखेपर्यंत बसले. खिळ्यांच्या ओळीसुद्धा मोजल्या. नाही सापडत. रडले शेवटी. मी एकदा हो म्हणाले असते तर शेजारी बसून तपासलं असतं दोघांनी. हे हसले असते माझ्या लाल खुणांना.

२६ ऑगस्ट

सिद्धेशने पॅक करायला चष्म्याची डबी उचलली. खाली कोपऱ्यात ह्यांचं अक्षर —

"काम सुरू : ११ मे १९६९."

आमच्या लग्नाची तारीख. ड्रॉइंग तर गेल्या हिवाळ्यातलं — ही ती मुद्दाम ठेवलेली चूक! पुढे "काम पूर्ण :" — आणि कोरं.

लाल पेन्सिल ठेवून दिली. पेनने सही केली.