शनिवारच्या शिट्या

सोमवार, दुपारची भांडी झाल्यावर

जावईबापूंना सासूचा आशीर्वाद.

तारीख घाल म्हटलं तर लिहिणारी म्हणते, वार पुरे, त्यांना शनिवारपर्यंतच मोजायचंय. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरणाऱ्याला गप्प कसं करायचं ते मला तुमच्यासारखं जमत नाही, म्हणून त्याचं चालू द्यायचं. तुम्ही ठणठणीत असालच. जेवणाचे हाल होत असतील. डाव्या फडताळात, वरच्या फळीवर डबे आहेत, असा निरोप आहे. कुणाचा, ते अक्षरावरून तुम्ही ओळखलंच असेल. त्याबद्दल शेवटी.

तुमच्या निळ्या शर्टाचं ऐकून वाईट वाटलं. शनिवारच्या समारंभासाठी खास शिवलेला, आणि पाठीवर इस्त्रीचा डाग. अंगात कोट घाला म्हणजे दिसणार नाही. झाकण्यात तुम्ही कुणाला हार जाणार नाही.

समारंभाची तयारी जोरात आहे म्हणे. रेल्वे शेडच्या पटांगणात मंडप, साहेबांसाठी गाद्यांच्या खुर्च्या, मागे ‘आधी सुरक्षा’ असा मोठा फलक. तुम्ही, युनियनचे सरचिटणीस, निवृत्त होणार, म्हणजे एवढं हवंच. आणि भाषण संपलं की शेडमधली सगळी इंजिनं एकदम शिटी देणार. जुनी रीत आहे ती. ड्रायव्हर निवृत्त झाला की वाजवतात, आणि ड्रायव्हर कामावर असताना वारला की वाजवतात. तुमच्या सासऱ्यांच्या निवृत्तीला इतक्या वाजल्या की आळीतली सगळी तान्ही मुलं एकदम रडायला लागली. मी वरवर वैतागले. आतून अशी फुलले होते की काय सांगू! मला अक्षर येत नाही, बापू, पण शिट्या मी वाचते. कोण घरी येतोय, कोण उपाशी आहे, कोण बायकोशी भांडून निघालाय, सगळं मला त्या आवाजात कळतं.

माझ्या मुलाच्या वेळी एकही वाजली नाही.

लिहिणारी थांबलीये. लिही गं, लिही. डोळे मग पूस.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला, तेव्हा तुम्ही माझ्या याच खोलीत, याच बाजेवर बसला होतात. हात जोडून म्हणालात, ‘सासूबाई, चूक आपल्याच माणसाची. झोप लागली त्याला. लाल सिग्नल ओलांडून गाडी उभ्या मालगाडीच्या वाघिणींवर गेली. थकला होता तर त्यानं आधी सांगायला हवं होतं. युनियन तरी काय करणार?’ चौकशीतही तेच सांगितलंत. मग चूक ड्रायव्हरची ठरली, आणि चुकलेल्या ड्रायव्हरला शिट्या नाहीत, हा हुकूमही तुमचाच. युनियनच्या भिंतीवर कामावर वारलेल्यांचे फोटो आहेत. त्याचा माझ्या ट्रंकेत आहे.

मी म्हटलं, असेल बाई. रडले, गिळले. तरी एक सलत होतं. दोन गाड्यांच्या मध्ये तो माझ्याकडे येऊन घटकाभर आडवा व्हायचा, तेव्हा झोपेतसुद्धा पुटपुटायचा, ‘पिवळा… पिवळा… लाल.’ सोबतीचा माणूस काढून घेतल्यापासून इंजिनात एकटाच मोठ्यानं सिग्नल पुकारायचा आणि एकटाच ओ द्यायचा. असा माणूस थकला असताना सांगणार नाही? पण सांगणारे तुम्ही. आमचे ‘विश्रांतीशिवाय गाडी नाही’वाले पुढारी! तुमच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

परवा मुलगी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मी म्हटलं, ‘काय गं, नवऱ्यानं घालवलं की तू त्याला घालवलंस?’ चेष्टाच केली. ती बसली आणि बोलली.

तुम्ही आरशासमोर भाषण घोकत होतात. ती शेजारी तुमच्या शर्टाला इस्त्री करत होती. तुम्ही म्हणालात, ‘माझ्या कारकिर्दीत एकाही थकलेल्या माणसाला मी गाडीवर चढू दिलं नाही.’ मग पुन्हा म्हणालात, जरा हात वर करून. तिचा हात थांबला, आणि इस्त्री शर्टाच्या पाठीवर तशीच तापत राहिली.

कारण त्या दुपारी फोन तिनंच उचलला होता. माझ्या मुलानं तुमच्या घरी फोन केला होता. बहिणीला म्हणाला, ‘ताई, दाजींना दे. एक गाडी आणून उतरलो, तर लगेच दुसरी देतायत. डोळे उघडे राहत नाहीत माझे. ते बोलले तर साहेब ऐकतील.’ तिनं फोन तुम्हाला दिला. आणि तुम्ही जेवता जेवता काय म्हणालात?

‘अरे, माणसं कमी आहेत. मी साहेबांना शब्द दिलाय, एकही गाडी अडणार नाही. तूच अडून बसलास तर लोक म्हणतील, मेव्हण्याचे लाड चाललेत. तोंडावर पाणी मार आणि जा.’

तो गेला.

बापू, झोप काय तुम्हालाही येते. सभेत तुम्ही घोरता, सगळी शेड सांगते. पण तुमची खुर्ची रुळावर नाही.

तुम्ही तिला दम भरलात, ‘तोंड उघडलंस तर भाऊ तर गेलाच, नवराही जाईल.’ ती घाबरून गप्प बसली. आता मी तिला म्हटलं, मग एक काम कर, नवऱ्याला जाऊ दे. हसली बिचारी. फार दिवसांनी हसली.

हे दोन दिवस मी काठी टेकत घरोघर हिंडले, ही माझ्यासोबत. प्रत्येक ड्रायव्हरच्या घरी बसलो, आणि जे मला सांगितलं ते तिनं तिथं सांगितलं. कुंपणानंच शेत खाल्लं हे लोकांना पटायला वेळ लागेल, असं मला वाटलं होतं. छे! प्रत्येक घरात एखादा फोन निघाला. कुणी तापात गाडी नेली, कुणी सलग दुसरी. ‘जा, मी बघतो’ म्हणणारे तुम्हीच. तुमचा जुना जोडीदार, तो ढेरपोट्या, तो तर उठून मोरीत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘आजी, हाताला सवय आहे हो, शनिवारी शिटी आपोआप वाजेल.’ मी म्हटलं, ‘मग हात खिशात घाल.’

तेव्हा शनिवारी भाषण संपवून तुम्ही शेडकडे बघाल, साहेबही बघतील. आणि शेडमध्ये अळीमिळी गुपचिळी. एकसुद्धा वाजणार नाही. आधीच कळवते, म्हणजे ती शांतता तुम्हाला आजपासून ऐकू येईल. रोज थोडी थोडी. जशी मी ऐकली.

शिट्या मुळीच वाजणार नाहीत, असं मात्र नाही. माइक तुमच्या हातात आहे. त्या दुपारी फोन आला होता, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत, एवढं साहेबांच्या समोर बोला. बोललात की सगळी इंजिनं एकदम ओरडतील. माझ्या मुलासाठी. तुम्ही मध्ये उभं राहून ऐकायच्या. कानावर हात ठेवायचे नाहीत.

आणि नाही बोललात, तर थोडा वेळ तुम्हाला शांततेत उभं राहू देऊ. मग लिहिणारी पायऱ्या चढून वर येईल. माइक तिच्या उंचीला जरा खाली करावा लागेल, तेवढं करून द्या. शिट्या त्यानंतर वाजतील. वाजणार तर आहेतच. कुणाच्या तोंडून, एवढंच तुमच्या हातात ठेवलंय. जावई म्हणून तेवढा मान.

मी पुढच्या रांगेत असेन. फोटो मांडीवर घेऊन. भिंतीवर खिळा ठोकायला ढेरपोट्या तयार आहे.

लिहिणारीला विचारलं, तुझ्याकडून काही लिहायचंय का? म्हणाली, ‘एवढंच लिहिते, की मी एक शब्द बदललेला नाही.’

कोट आठवणीनं घाला.

खाली अंगठा माझा. अक्षर तुमच्या बायकोचं.