पत्त्याचा रकाना

५ जानेवारी, सकाळ
आजपासून कॉलेजच्या मोफत कायदा सल्ला केंद्रात माझी नेमणूक. शेवटच्या वर्षाला चाळीस तास लोकसेवा केल्याशिवाय डिग्री नाही. बाकीचे कुरकुरतात. मी मात्र समाजासाठी झिजायचं ठरवलं आहे. संकल्प: पाचला उठणे. गरिबांना छळणाऱ्यांची चामडी लोळवणे. उलटतपासणीत एकेकाला उभा सोलणे. आरशासमोर सराव केला. आई म्हणाली, ओरड हवं तेवढं, पण आरशावर थुंकी उडवू नकोस.

५ जानेवारी, संध्याकाळ
पहिल्याच दिवसाचं प्रशिक्षण हुकलं. काळ्या कोटाची मापं द्यायची होती, शिंप्याने वेळ खाल्ला. माझा दोष नाही. केंद्राच्या मॅडम रागावल्या. वीस वर्षं कोर्टात काढल्यावर माणूस चिडका होतोच. माझी जोडीदार चष्मिस, वर्गात पहिली म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, तिने नोट्स दिल्या. ठेवल्या. वाचायची गरज नाही.

९ जानेवारी
पहिली अशील! शिवणकाम करणाऱ्या ताई. नवरा वेल्डर. त्याने त्यांचं डावं मनगट दाराच्या फटीत धरलं आणि दार लावलं. दोनदा. बस चुकली असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. कापड धरता येत नाही, एवढीच तक्रार. खांद्यावर भाजल्याचे डाग. चष्मिस शेजारी फूटपट्टी धरून त्यांचे फोटो काढत होती. मी पाणी प्यायला बाहेर गेलो. तहान काय सांगून लागते?

परत येऊन म्हटलं, ताई, निश्चिंत राहा, त्या माणसाचं कंबरडं मोडतो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, तुम्ही? मॅडम म्हणाल्या, आपण कुणाचं काही मोडत नसतो, मनाई हुकूम मागतो. ताई सध्या मावशीकडे लपून राहतात. नवऱ्याला ठावठिकाणा नाही. तो रोज हातोडी घेऊन शोधत फिरतो म्हणे.

१२ जानेवारी
आजचा दिवस माझ्या चरित्रात येणार. अर्जाचा मसुदा चष्मिसचा, तपासून सही मॅडमची, दाखल करायची जबाबदारी माझी. (मॅडमचे शब्द: निदान कागद तरी नीट नेऊन दे.) कोर्टाच्या पायऱ्यांवर वाचून पाहिला आणि हबकलो. अर्जदाराच्या पत्त्याच्या रकान्यात केंद्राचा पत्ता! बाई राहतात मावशीकडे, आणि शपथेवर भलताच पत्ता! समोरच्या वकिलाने एवढ्यावरून आमचा भुगा केला असता.

वेळ दवडला नाही. झेरॉक्सच्या दुकानात पहिलं पान नव्याने टाइप करून घेतलं. मावशीचा पत्ता, दुसरा मजला, डावीकडची खोली. खूण म्हणून खालचं इस्त्रीचं दुकानही घातलं. कारकुनाने खटाखट शिक्के मारले. एक प्रत नोटिशीबरोबर नवऱ्याला जाणार. मॅडमना एवढ्यात सांगायचं नाही. जिंकल्यावर सांगू.

१९ जानेवारी, दुपारी १
वेल्डर केंद्रात आला. हातात नोटीस. आल्या आल्या खुर्ची भिंतीवर आपटली, पंच मशीन माझ्या दिशेने भिरकावलं, माझी कॉलर धरून डोकं फायलींच्या कपाटावर दाणकन आदळलं. दोन टाके पडले. मी टेबलाखाली गेलो ते पेन पडलं म्हणून. तिथूनच त्याच्यावर कलमांचा भडिमार केला. मनातल्या मनात, म्हणजे त्याला तयारीला वेळ मिळू नये. वॉचमन आणि चष्मिसने मिळून त्याला बाहेर काढलं. मॅडम कोर्टात होत्या.

एकंदरीत पळवून लावला. जिना उतरताना अर्जाचं पहिलं पान वाचत होता. वाचू दे. माझंच पान आहे.

१९ जानेवारी, संध्याकाळी ६
वेल्डर इथून थेट मावशीकडे गेला. मावशी दारात आडवी आली. तिच्या डोक्यात हातोडी घातली. मग ताईंचा धड असलेला उजवा हात शिलाई मशीनवर ठेवून ठेचला. जिन्यात रक्त. इस्त्रीवाला तापलेली इस्त्री घेऊन वर धावला, ती त्याच्या पाठीला लावली, तेव्हा कुठे तो थांबला. पोलिसांनी नेला. मावशी बेशुद्ध आहे.

कुणीतरी फितुरी केली असणार. शोधून काढून फाडून खाईन.

२० जानेवारी
मॅडमनी दाखल झालेली प्रत उघडली. माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं. चष्मिसने माझ्या कानाखाली असा आवाज काढला की टाक्यांतून रक्त आलं. सहकाऱ्यावर हात उचलणं गुन्हा आहे. तक्रार करावी का?

घरी येऊन नोट्स उघडल्या. पहिल्याच पानावर, लाल शाईत: लपून राहिलेल्या बाईचा पत्ता अर्जात कधीही नको, केंद्राचा द्यावा, कोर्टाला चालतो.

तक्रार करत नाही.

२४ जानेवारी
नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की बाईनेच पत्ता कळवून नवऱ्याला बोलावलं आणि भांडण उकरून काढलं. ते खरं धरलं तर तो जामिनावर सुटून घरी येईल. मॅडम म्हणाल्या, तुझं शपथपत्र लागेल. पान कुणी बदललं ते सांगणारा तूच. स्वतःचंही त्या देणार आहेत: प्रशिक्षण न घेतलेल्या मुलाच्या हाती मी कागद दिले. बाबा म्हणतात, सही केलीस तर सनद विसर. वकिली सुरू होण्याआधीच संपेल.

अकरा पानं लिहिली. शिंपी, माझा प्रामाणिक हेतू, टाके, सगळं. मॅडमनी लाल पेनाने पान पान आडवं कापलं. तीन ओळी उरल्या.

२७ जानेवारी
बाबांनी कोट कपाटात कुलूपबंद केला. पांढऱ्या शर्टावरच गेलो. वकिलांच्या जागेवर मॅडम. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. पहिल्या बाकावर ताई, दोन्ही हात प्लास्टरमध्ये, चष्मिस त्यांना पाणी पाजत होती. मावशी काल दुपारी गेली.

वेल्डर माझ्याकडे बघत होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, अर्जात हा पत्ता कुणी लिहिला? मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, ऐकू आलं नाही, मोठ्याने सांगा.

पुन्हा सांगितलं.