पपईचे ठोके अडुसष्ट

४ डिसेंबर

आज सकाळी अकराला सगळं संपलं. सीमाच्या मनगटावर घड्याळ बांधलं तेव्हा.

सीमा म्हणजे इथल्या दवाखान्यातली सिस्टर. तिच्यासाठी दीड महिना रोज दाढी करतोय. आज स्वतःहून मी कामाला आहे त्या दुकानात आली. "वडिलांसाठी ठोके मोजणारं घड्याळ दाखवा." आधी माझ्या हाताला लावून दाखवलं – १३१! मदनलालशेठ गल्ल्यावरून ओरडले, "अरे नवनीत, ताप आहे का तुला?" ती हसली. मग तिने हात पुढे केला. हिरवा दिवा लुकलुकला, लुकलुकला – आणि दोन आडव्या रेघा. तीनदा बांधलं. तीनदा रेघाच!

आणि मी गाढव काय बोललो? "सिस्टर, तुमच्या आत काहीच नाही वाटतं!" चारचौघांत!

तिने बाही खाली ओढली. "हुशार आहे तुमचं मशीन." गेली. न घेता.

५ डिसेंबर

मशीन कशाला खोटं बोलेल? नाहीच तिच्या मनात काही. संपलं.

७ डिसेंबर

शेठचा हुकूम – नमुन्याचं घड्याळ हातात घालूनच फिरायचं. फुकटची जाहिरात! आज माल आणायला शहाद्याला गेलो. घाटात जीप सारखी उसळतेय, चौघांच्या सीटवर सहा जण, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. बोट हलवायला जागा नाही. परत धडगावला उतरलो तर घड्याळ म्हणतं – ११,२४० पावलं! वर पडद्यावर फटाके. आणि दोन्ही हातांत खोकी धरून चौदा वेळा जिना चढलो-उतरलो, त्याची पावलं साठ!

हात हलला की चाललास. हात अडकला की बसलास. आमच्या कॉलेजातली हजेरी अशीच होती. म्हणून तर दुसऱ्या वर्षाला सोडलं.

८ डिसेंबर

काल घड्याळ खिळ्याला टांगून ठेवलं होतं. सकाळी म्हणतं, "गाढ झोप, सात तास." कोणाची? खिळ्याची! मी टक्क जागा.

१० डिसेंबर

पपईला बांधलं. ६८.

शेठच्या गुंडाळलेल्या टॉवेलला – ७४.

म्हणजे पपईला काळीज, टॉवेलला काळीज, फक्त सीमाला नाही! खूप हसलो. मग एकदम हसू गेलं. पपईचे ठोके मोजणाऱ्याच्या शब्दावर मी रुसून बसलोय?

गावाहून, कोरीटहून, आईचा फोन. "जेवना का? काय करी ऱ्हायना?" पपई तपासतोय, कसं सांगू!

१२ डिसेंबर

बाजारचा दिवस. वीरसिंग पावरा गेल्या आठवड्यात नेलेलं घड्याळ घेऊन परत आला. "चालत नाही भाऊ. रेघाच येतात." त्याच्या मनगटावर नाव गोंदलेलं – दाट, हिरवं. दुसऱ्या, कोऱ्या मनगटाला लावलं – ८२. पुन्हा गोंदणावर – रेघा! उजेड शाईतून आत शिरतच नाही.

सीमाच्या मनगटावर गोंदणाचं फूल आहे. दीड महिना तेच बघतोय. बघून बघून आंधळा!

शेठला सांगितलं. ते थंडपणे म्हणाले, "मालूम आहे. कोऱ्या हातावर दाखवायचं."

"आणि गिऱ्हाइकाला सांगायचं नाही?"

"कंपनी मला सांगत नाही, मी का सांगू?"

इथे निम्म्या बाजाराच्या हातावर गोंदण आहे, शेठ! माझं डोकं फिरलं. घड्याळ काढून काउंटरच्या काचेवर आपटलं. काच गेली, नोकरी गेली. घड्याळाने मात्र वीस पावलं जास्त मोजली.

१३ डिसेंबर

दवाखान्यात गेलो. सीमा पाड्यावर गेलेली. तिथल्या कमलीबाई मावशींजवळ माफीचा निरोप ठेवला. गोंदणाचं सगळं समजावलं – मशीनची चूक, माझी चूक, तिची काही नाही. मावशी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. खोकत होत्या की हसत होत्या, कळलं नाही.

१४ डिसेंबर

आत्ता मावशी खोलीवर येऊन गेल्या. त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो –

"गोंदणावर ते चालत नाही, हे सिस्टरला आधीच ठाऊक. माझंच घड्याळ तिने या गोंदणाच्या हातावरून त्या कोऱ्या हाताला बांधून दिलं. म्हणून तर त्या दिवशी मुद्दाम फुलाचा हात पुढे केला. दुसरा दिला असता तर शेठसमोर तिचाही तुझ्यासारखाच आकडा दिसला असता! 'आत काहीच नाही' म्हणालास, त्याबद्दल आधी शिव्या खायच्या. मग ठोके मोजायचे असतील तर मशीन नको, नाडीवर ठेवायला दोन बोटं घेऊन ये, म्हणाली."

चप्पल एकच सापडतेय. ही सापडली दुसरी. वही ठेवतो. दार ओढून घेतो.