पान बत्तीसवरचं कासव

१२ जुलै, दुपारी

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तू अजून गॅरेजात जातोस, असं तिच्याकडूनच कळलं. आपलं बोलणं हल्ली तिच्यामार्फतच होतं म्हणा. साठी उलटली, आता तरी पाना खाली ठेव. मी सांगावं आणि तू ऐकावंस, हाही माझा भाबडेपणाच.

मी मार्चअखेर निवृत्त होतेय. तोवर शाळेच्या ग्रंथालयात सातवीच्या मुलांना माहिती पारखायला शिकवते. पोरं संगणकावर दिसेल ते उतरवून मोकळी होतात. म्हणून फळ्यावर लिहिलंय: कोण सांगतंय? त्याला कसं कळलं? त्याने स्वतः पाहिलंय का? प्रश्न बाबांचेच, तू ओळखले असशील. बाबा इथे ग्रंथपाल होते तेव्हा शाळा सुटली की आपण त्यांच्या टेबलाखाली शिरायचो. वर बाबा फाटकी पुस्तकं शिवायचे, डिंकाचा वास यायचा, आणि तू मला प्राण्यांचे आवाज काढून वाचून दाखवायचास. तितकं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही रे.

गेल्या आठवड्यात एका चष्मेवालीने प्रकल्पात लिहिलं, कासव उलटं पडलं की गाणं म्हणतं. वर्ग खो खो हसला. पोरगी मोठी ठसक्याची. पुस्तकात आहे, पान बत्तीस, म्हणाली आणि आपलं ते प्राण्यांचं पुस्तकच आणून माझ्यापुढे आदळलं. सर्वांत वरच्या फळीवर, मागच्या रांगेत मीच ते दडवलं होतं. रद्दीत घालायची हिंमत झाली नव्हती.

शाईचा रंग वेगळा आहे, ओळ छापील अक्षरांसारखी पण हाताने मागाहून घातलीय, हे मुलांनी दोन मिनिटांत पकडलं. मग मी पुढचं सांगितलं, की ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याच्या शब्दाला वजन. चष्मेवालीने हात वर केला.

"बाई, पाहणाराच खोटं बोलला तर?"

मी पुस्तक मिटून ठेवलं.

आता आडून आडून किती बोलू, दादा. ती ओळ मी लिहिली होती, तुला हसवायला. बाबांना सापडली तेव्हा तू म्हणालास, मी नाही. त्यांनी मला विचारलं, तू पाहिलंस का? दहा वर्षांची मी, घाबरले आणि म्हणाले, "हो, दादाला लिहिताना पाहिलं." बाबांना तेवढं पुरलं. तुला या ग्रंथालयात यायची बंदी झाली. तू वाचणं सोडलंस, मग शाळाही. टेबलाखाली मी एकटी वाचत राहिले आणि पुढे बाबांची खुर्चीसुद्धा मलाच मिळाली. बाबा गेले ते तुला खोटारडा समजूनच. तुला तेव्हाच सगळं कळलं असणार, तरी तू मला कधी एका शब्दानेही बोलला नाहीस. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

त्याच तासाला मी मुलांना सगळं सांगितलं. शेवटी चष्मेवालीने विचारलं, तुमच्या दादांना सांगितलंत का? मी नाही म्हटलं. तिने मान खाली घालून वहीत लिहिलं, ते मी वाचलं: 'साक्षीदार एकच, तोही एकदा खोटं बोललेला. दुसऱ्या बाजूला विचारलेलं नाही.'

म्हणून विचारतेय. तुझी बाजू लिहून पाठव. शिव्या घातल्यास तरी वर्गात जशाच्या तशा वाचून दाखवीन.

खोटी साक्ष दिलेली,
तुझी पिटू